बल्ब बदलले, मग बिल का नाही घटलं?

गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांतून पिवळा बल्ब गेला. त्याला कुणी निरोप दिला नाही. एक एक उडत गेला आणि त्याच्या जागी पांढरा एलईडी येत गेला. किराणा दुकानात आज साठचा बल्ब मागितला तर दुकानदार वरच्या फळीवर शोधू लागतो. घरातली इतकी जुनी वस्तू इतक्या थोड्या काळात, सक्ती न होता आणि कुरकुर न होता बदलण्याचं दुसरं उदाहरण सहज सापडणार नाही. गॅसच्या शेगडीलासुद्धा याहून जास्त वर्षं लागली. तरी लाईट बिलाचा विषय निघाला की एक तक्रार ठरलेली असते: घरातले सगळे बल्ब बदलले, पण बिल होतं तेवढंच येतं. ही तक्रार करणारा माणूस बहुधा खरं बोलत असतो. सरकार मात्र सांगतं की या बल्बांनी देशाची दर वर्षी हजारो कोटी युनिटं वाचवली, आणि या म्हणण्यालाही आधार आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे पाहायचं तर आकडा हाती घेऊन घरात शिरावं लागतं. त्यातून माझ्या मते एक गोष्ट निघते, ती पुढच्या खरेदीसाठी उपयोगाची आहे. बचत बल्बाच्या खोक्यावर छापलेली नसते. तो बल्ब कोणत्या जागी, कशाच्या बदली आणि रोज किती तास जळतो, यावर ती ठरते.

आधी हा बदल झाला कसा ते पाहू, कारण त्याचं श्रेय आपण बऱ्याचदा भलत्यालाच देतो. तंत्रज्ञान तयार होतं. पांढऱ्या एलईडीसाठी लागणारा निळा प्रकाश देणारा अर्धवाहक १९९० च्या दशकात जपानमध्ये सिद्ध झाला, आणि त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळट लेप दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो, इतकी ती गोष्ट सोपी. पण त्याच सुमारास भारतीय बाजारात असा एक बल्ब चार-पाचशे रुपयांना होता आणि साठचा पिवळा बल्ब दहा-पंधरा रुपयांना. पुढच्या दोन वर्षांत बिलातून पैसे वसूल होतील, हे गणित ज्याच्या खिशात आज पाचशे रुपये नाहीत त्याला सांगून उपयोग नसतो. याआधी २००९ मध्ये केंद्राने 'बचत लॅम्प योजना' काढली होती. जुना बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल घ्या. उरलेला खर्च आंतरराष्ट्रीय बाजारात कार्बनची पतपत्रं विकून निघणार होता. त्या पतपत्रांचे भाव कोसळले आणि योजनेचा आधारच गेला.

त्यानंतरचा मार्ग अधिक साधा होता: घाऊक खरेदी. ऊर्जा मंत्रालयाच्या सार्वजनिक कंपन्यांनी मिळून उभारलेल्या ईईएसएलने लाखो-कोटी बल्बांच्या निविदा काढल्या. २०१४ च्या सुरुवातीला तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ ला पंतप्रधानांनी योजनेला देशव्यापी रूप दिलं आणि पुढे तिला 'उजाला' हे नाव मिळालं. ग्राहकाला बल्ब रोखीने मिळे, किंवा थोडे पैसे आधी देऊन उरलेले बिलातून हप्त्याने फेडता येत. केंद्राच्या तिजोरीतून बल्बावर अनुदान दिलं गेलं नाही. ज्या अर्थाने गॅसला किंवा खताला अनुदान असतं तसं तर नाहीच. एका मोठ्या गिऱ्हाइकाने कारखानदारांना मागणीची खात्री दिली आणि त्यांनी भाव उतरवले. खासगी दुकानातली किंमतही त्यामागोमाग शंभराच्या खाली आली. म्हणून शाळाशाळांतून झालेल्या ऊर्जाबचतीच्या निबंधस्पर्धा आणि घोषवाक्यं यांना या यशाचं फारसं श्रेय द्यावं, असं मला वाटत नाही. लोकांना सवय मोडावी लागली नाही, उजेड कमी करावा लागला नाही, बटण तेच राहिलं. होल्डरसुद्धा तोच, दोन पिनांचा.

आता आकडा. उजालाखाली सुमारे ३६ कोटी ८७ लाख बल्ब वाटले गेले, आणि त्यातून वर्षाला ४,७८८ कोटी युनिटं वाचतात, असा सरकारी हिशेब आहे. भागाकार केला तर एका बल्बामागे वर्षाला १३० युनिटं येतात. हा आकडा मोजलेला नाही, मानलेला आहे. कोट्यवधी होल्डरांना मीटर लावून कुणी बसलेलं नाही. ६० वॅटच्या जागी ९ वॅट आला, म्हणजे ५१ वॅट वाचले. ५१ वॅटमधून १३० युनिटं वाचायची तर तो बल्ब वर्षाला सुमारे २,५५० तास, म्हणजे रोज सात तास जळायला हवा. सात तास! आपापल्या घरातला कोणता दिवा रोज सात तास चालू असतो, याचा विचार वाचकाने करून पाहावा. आणि घरात असे पाच बल्ब बदलले असतील, तर या हिशेबाने महिन्याला चोपन्न युनिटं कमी व्हायला हवीत. महिना सव्वाशे युनिटं वापरणाऱ्या घराचं बिल निम्म्याच्या आसपास यायला हवं. तसं ते आलं नाही, म्हणून तक्रार.

तक्रारीचं उत्तर घराच्या रचनेत आहे. पुण्या-ठाण्यातल्या किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन खोल्यांच्या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत ट्यूब, आणि बल्ब फक्त न्हाणीघरात, संडासात आणि गॅलरीत. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराचा मुख्य उजेड कित्येक वर्षं ट्यूबचा होता, बल्बाचा नव्हता. योजना मात्र प्रामुख्याने बल्बाची. न्हाणीघरातला साठचा बल्ब रोज अर्धा तास जळतो. तो बदलून वर्षाला नऊ युनिटं वाचली. तसे तिन्ही बल्ब बदलले तरी अठ्ठावीस, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन युनिटं. बिलात ती दिसणार कशी? खरा खर्च डोक्यावरच्या ट्यूबमध्ये होता. जुनी ट्यूब छत्तीस किंवा चाळीस वॅटची, आणि पट्टीत दडलेला तांब्याच्या वेटोळ्याचा चोक वरून आणखी बारा-पंधरा वॅट नुसते तापण्यात घालवणारा. पट्टी उघडून चोकला हात लावला तर चटका बसतो, तो या वॅटांचाच. एकूण बावन्न धरा. तिच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी लावली, तर रोज सहा तास चालणाऱ्या बाहेरच्या खोलीत वर्षाला सत्तर युनिटं वाचतात, पाच तासांच्या स्वयंपाकघरात अठ्ठावन्न आणि तीन तासांच्या झोपायच्या खोलीत पस्तीस. तीन बल्ब बदलून अठ्ठावीस, तीन ट्यूबा बदलून एकशे त्रेसष्ट. बल्ब बदलले आणि ट्यूबा राहिल्या, अशी घरं थोडी नाहीत. त्यातच त्या वर्षांत घरात दुसरा टीव्ही आला, वॉशिंग मशीन आलं, कुठे एसी आला, आणि विजेचे दरही वाढले. दोन युनिटं कुठे गेली हे विचारण्यात मग अर्थ उरत नाही.

दुसरं घर वेगळं आहे. पाड्यावरची किंवा वस्तीतली एक खोली, आढ्याला एकच साठचा बल्ब. पहाटे पाणी भरायला उठल्यापासून उजाडेपर्यंत आणि संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत तोच एक दिवा. इथे सात तास सहज भरतात. सरकारी सरासरी जे घर गृहीत धरते ते हे घर. वर्षाला १५३ युनिटं खाणारा तो बल्ब एलईडी झाल्यावर २३ युनिटांत भागतो. महावितरणच्या दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकवर्गाला वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा आहे. ती ओलांडली की सवलतीचा दर जातो. त्या मर्यादेत १३० युनिटं मोकळी झाली, म्हणजे एक पंखा, मोबाइलचं चार्जिंग आणि छोटा टीव्ही यांना जागा झाली. आणखी एक फायदा युनिटांत मोजता येत नाही. लाइनच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं. तिथे ट्यूब नुसती लुकलुकत राहते, स्टार्टर टिकटिक करतो, आणि पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा लाल होतो. बऱ्या दर्जाचा एलईडी मात्र व्होल्टेज बरंच खाली आलं तरी पूर्ण उजेड देतो. परीक्षेच्या दिवसांत ही गोष्ट लहान नसते. तेव्हा योजनेचा लाभ सगळ्यांना सारखा झाला असं म्हणणं जितकं चूक, तितकंच तो कुणालाच झाला नाही असं म्हणणंही चूक. ज्याच्या घरी दिवे कमी, त्याला टक्केवारीने सर्वांत जास्त मिळालं.

मग शहरी घरात अर्धा तास जळणाऱ्या बल्बाने काय साधलं? त्याचं उत्तर वेळेत आहे. दिवा कधी लागतो? सूर्य मावळल्यावर. विजेची मागणीही संध्याकाळी सहा ते दहा या वेळात चढते, आणि सौर ऊर्जेचे पॅनेल नेमके त्याच वेळी शून्यावर आलेले असतात. दुपारची वीज आता स्वस्त आणि मुबलक होत चालली आहे. संध्याकाळची मात्र अजून कोळशाच्या आणि धरणाच्या भरवशावर आहे. महाराष्ट्रात या घटकेला धावून येते ती कोयना. तिची १,९६० मेगावॉटची क्षमता दिवसभर चालवायची म्हणून उभारलेली नाही; त्या काही तासांसाठी राखून वापरायची आहे, कारण पश्चिमेला सोडायच्या पाण्याला पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे. उजालामुळे संध्याकाळची कमाल मागणी ९,५८६ मेगावॉटने कमी झाली, असा दावा आहे. म्हणजे जवळपास पाच कोयना. हाही मानलेलाच आकडा, पण इथे हिशेबनीस तितका उदार नाही: बल्बामागे सव्वीस वॅट, म्हणजे साधारण निम्मेच बल्ब त्या वेळी लागलेले असतील असं धरलं आहे. त्यातला पुन्हा अर्धा आकडा अतिशयोक्ती म्हणून सोडून दिला, तरी अडीच कोयना उरतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी संध्याकाळी मेणबत्त्या शोधल्या आहेत, त्यांना एवढ्या मेगावॉटचा अर्थ वेगळा सांगायला नको. घरमालकाला बिलात न दिसलेली बचत वीज यंत्रणेला अशी दिसते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठ्याने घेतला जाणारा: 'खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेलं असतं आणि बल्ब दीड वर्षात जातो.' हा आक्षेप मी खरा धरतो. असा गेलेला बल्ब उघडून पाहावा. वरची दुधी टोपी पिळून काढली की आत ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे ठिपके बसवलेले दिसतात, बहुधा आठ-दहा. त्यांतल्या एकावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग असतो. ठिपके एकामागे एक जोडलेले असल्याने एक गेला की सगळी माळ विझते. बाकीचे धडधाकट असतात. म्हणूनच रस्त्याकडेचा दुरुस्तीवाला तो एक ठिपका काढून तिथे डाग देतो आणि बल्ब पुन्हा लागतो. उरलेल्या ठिपक्यांवर ताण थोडा वाढतो, इतकंच. काही वेळा ठिपके चांगले असतात आणि तळातल्या सर्किटमधला कपॅसिटर फुगलेला असतो. मारेकरी दोन्हीकडे एकच, उष्णता. ही उष्णता येते कुठून? थोड्या ठिपक्यांतून जास्त प्रवाह दाबून उजेड काढल्यामुळे, बंद काचेच्या ग्लोबमध्ये बल्ब कोंडल्यामुळे, आणि स्वस्त मालात चालक सर्किटच चकतीवर बसवून टाकल्यामुळे. या शेवटच्या मालाला बाजारात डीओबी म्हणतात. त्यात व्होल्टेज वाढलं की तापमान चढतं. दिवा टिकाऊ करता येतो, याचा पुरावा दुबईत आहे. तिथल्या नगरपालिकेसाठी फिलिप्सने काढलेल्या बल्बात ठिपके जास्त आणि प्रत्येकावर ताण कमी असतो. दोन वॅटमध्ये तो चाळीसच्या बल्बाएवढा उजेड देतो, म्हणजे वॅटला सुमारे दोनशे ल्यूमेन. तो दुबईसाठीच निघाला, कारण तिथल्या मोठ्या गिऱ्हाइकाने तशी अट घातली.

इथे १९२४ च्या फीबस संघाची गोष्ट हटकून सांगितली जाते. जिनिव्हात बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बाचं आयुष्य हजार तासांवर बांधलं. ते त्यांनी केलं, हे खरं आहे. पण तारेच्या बल्बात जास्त टिकणारी तार कमी उजेड देते, त्यामुळे हजार तासांमागे थोडं भौतिकशास्त्रही होतं. एलईडीच्या बाबतीत ती सबब चालत नाही. इथे कमी ताणाचा बल्ब जास्त टिकतो आणि जास्त उजेडही देतो. फक्त महाग पडतो. भाव ३८ रुपयांपर्यंत खाली ओढताना निविदांनी तीन वर्षांची हमी मागितली होती, ही चांगली गोष्ट झाली. बदलून मिळण्याची सोय मात्र गावोगाव टिकली नाही, आणि योजनेच्या अंमलबजावणीतली माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव हीच. तरीही बल्ब दीड वर्षात गेला म्हणून पिवळ्याकडे परतावं का? रोज पाच तास जळणाऱ्या जागी साठऐवजी नऊ वॅट वर्षाला त्र्याण्णव युनिटं वाचवतो. युनिट पाच-सहा रुपयांचं धरलं तरी पाचशे रुपये. शंभराचा बल्ब तीन महिन्यांत फिटला. घेताना मात्र भारतीय मानक ब्युरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि ताऱ्यांचं लेबल पाहावं. वॅट पाहून उजेड ठरवण्याची जुनी सवयही सोडावी. साठच्या पिवळ्याचा उजेड सातशे ल्यूमेनच्या आसपास असतो, तेवढे ल्यूमेन खोक्यावर शोधावेत.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. विल्यम स्टॅनली जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल लिहिलं होतं की इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागला नाही, उलट वाढला. दिव्यांबाबत त्याला फार मोठा पुरावा मिळतो. फूके आणि पिअर्सन या संशोधकांनी ब्रिटनचा इतिहास तपासला. १८०० पासून दोनशे वर्षांत तिथे उजेडाची किंमत सुमारे तीन हजारांश झाली आणि माणशी वापर साडेसहा हजार पटींनी वाढला. आपल्याकडेही नव्या फ्लॅटच्या खोट्या छतात कडेकडेने पट्ट्या आणि गोल दिवे बसतात, ते वॅट स्वस्त झाले म्हणूनच. २०१२ ते २०१६ या काळात जगात रात्री उजळलेला भूभाग वर्षाला सव्वादोन टक्क्यांनी वाढल्याचं उपग्रहांनी टिपलं आहे. हा आक्षेप बाहेरच्या उजेडाला, म्हणजे जाहिरात फलकांना, दुकानांच्या दर्शनी भागांना आणि रस्त्यांना पूर्ण लागू पडतो. घराच्या आत तो निम्माच लागतो. ज्या खोलीत एकच दिवा होता तिथे दुसरा आला तर त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार, ज्याच्या दिवाणखान्यात बारा दिवे आहेत त्याला नाही. शिवाय डोळ्याला लागणाऱ्या उजेडाला मर्यादा असते. पन्नास वॅटांची खोली दहा वॅटांत उजळली, म्हणून कुणी तिथे पाच बल्ब लावत नाही. रात्री उशिरा पांढऱ्याशुभ्र उजेडाचा झोपेवर परिणाम होतो, हे म्हणणं रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे झोपायच्या खोलीत पिवळसर छटेचा एलईडी घेणे. तोही त्याच किमतीत मिळतो, मागावा मात्र लागतो.

दिवाळीच्या रोषणाईवर दर वर्षी कुणीतरी काटकसरीचं प्रवचन देतं, म्हणून तेवढं पाहून घेऊ. आकाशकंदिलात चाळीसचा बल्ब रोज पाच तास, वीस दिवस लावला, तर चार युनिटं. एलईडी लावला तर अर्धं. उरलेल्या साडेतीन युनिटांसाठी सणावर डोळे वटारायचं कारण नाही. त्याउलट देवघरात किंवा जिन्यात बारा महिने रात्रभर जळणारा लाल-हिरवा 'झिरो' पाहा. जुनी चकतीची मीटरं इतक्या थोड्या भारावर नीट फिरत नसत, म्हणून तो फुकट जळतो असा समज झाला, असं सांगतात. पण तो पंधरा वॅटचा असतो आणि आताची इलेक्ट्रॉनिक मीटरं त्याची नोंद इमानाने करतात. रात्रीचे दहा तास धरले तर वर्षाला पंचावन्न युनिटं होतात, न्हाणीघरातल्या साठच्या बल्बाच्या सहापट. अर्ध्या वॅटच्या एलईडी झिरोला दोनही लागत नाहीत. शहरी घरात एकच बल्ब बदलायचा असेल तर तो हा.

ज्यांच्याकडे सीएफएल चांगला चालू आहे, त्यांनी घाई करू नये. चौदा वॅटांवरून नऊवर येण्यात फारसं काही सुटत नाही. तो जाईल तेव्हा बदलावा, आणि त्यात पारा असतो म्हणून फोडून कचऱ्यात टाकू नये. ट्यूबचेही दिवस भरले आहेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या परिषदेत, २०२७ पर्यंत सर्वसाधारण ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायचं ठरलं आहे.

आता तोच तासांचा हिशेब छताला लावून पाहा. साधा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. दिवा पाच तास, पण पंखा बारा तास आणि वर्षातले आठ महिने. एका पंख्यामागे वर्षाला १३० युनिटं वाचतात. म्हणजे योजनेने बल्बाकडून मानलेली बचत शहरी घरात प्रत्यक्षात पंख्यात आहे. महाराष्ट्रातल्या दरांत शंभर युनिटांच्या पुढचं युनिट पहिल्या शंभरातल्याच्या जवळपास दुप्पट भावाचं असतं आणि बचत नेहमी वरच्या टोकाने कापली जाते. त्यामुळे महिना सव्वाशे वापरणाऱ्या घरात दोन पंखे बदलले तर जवळजवळ सगळी कपात महागड्या युनिटांतून होते, आणि या वेळी ती बिलात दिसते. अडचण पुन्हा तीच: साधा पंखा दीड हजाराच्या घरात, बीएलडीसी अडीच-तीन हजारांचा. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांना ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ईईएसएलने एक कोटी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला. बल्ब ३६ कोटी आणि पंखे एक कोटी, हे प्रमाण मला पटत नाही. भाव पाडायला लागणारी मागणी एक कोटीने उभी राहत नाही, आणि पंखा बल्बासारखा आपोआप उडून जागा रिकामी करत नाही. तो वीस-वीस वर्षं फिरतो. भाड्याच्या घरात तर पंखा मालकाचा आणि बिल भाडेकरूचं, तेव्हा बदलणार कोण? बिल्डर फ्लॅटमध्ये जो पंखा बसवून देतो तो सर्वांत स्वस्त असतो, कारण त्याला पुढचं बिल भरायचं नसतं. निविदेचा आकार वाढवणं, जुना पंखा परत घेऊन सूट देणं आणि हप्ते पुन्हा बिलातून कापणं, ही तिन्ही हत्यारं बल्बाच्या किंवा सीएफएलच्या वेळी वापरून झालेली आहेत. यातलं शेवटचं महावितरणच्या हाती आहे, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही.